सेंद्रिय शेतीचें अनुदान आणि चावडीवरील यादी

गेल्या खरिपाच्या अखेरीस आमच्या एका जुन्या वर्गणीदार बंधूंचें पत्र आलें. त्यांच्या गांवीं केंद्र सरकारच्या परंपरागत कृषि विकास योजनेखालीं सेंद्रिय शेतीचा गट स्थापन झाला असून, आपल्या जमिनीपैकीं दोन एकर त्यांनीं त्यांत घातली आहे. गटांतील शेतकऱ्यांचीं नांवें आणि प्रत्येकाच्या खात्यांत जमा झालेली रक्कम यांचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकविण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं एक दूरचे नातलग उसनवारीसाठीं त्यांच्या दारांत उभे राहिले. तिसऱ्या दिवशीं थकलेल्या हप्त्याची आठवण करून देणारा निरोप आला. "सरकारनें हा पैसा आम्हांस उपकार म्हणून दिला कीं कामाचा मोबदला म्हणून? मोबदला असेल तर तो भिंतीवर कां लावावा?" असा त्यांचा प्रश्न आहे. आणि पत्राच्या तळाशीं, घाईनें घातलेली एक ओळ आहे: "माझ्या शेजाऱ्याचा आठ एकर ऊस आहे. त्यानें यूरियाच्या वीस पिशव्या नेल्या. त्याचें नांव कोठेंच नाहीं."

पत्र प्रथम वाचलें तेव्हां आम्ही मनांतून लेखकांच्या विरुद्ध होतों. सार्वजनिक तिजोरींतील पैसा घ्यावयाचा आणि नांव मात्र झांकून ठेवावयाचें, हें आमच्या बुद्धीस पटत नव्हतें व अजूनहि पटत नाहीं. परंतु त्या शेवटच्या ओळीनें आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. हा प्रश्न इतर देशांत उपस्थित झाला असून तेथें त्यावर वीस वर्षें वादविवाद व कोर्टकज्जे झाले आहेत. तो सर्व इतिहास पाहिल्यावर आमचें मत कांहींसें बदललें. तें येथें मांडीत आहों.

प्रथम हा पैसा कशाचा, हें पाहूं. रासायनिक खतें व औषधें बंद केलीं म्हणजे जमीन लगेच साथ देत नाहीं, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. सन २०१२ मध्यें 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेंत सेंद्रिय शेतीचें उत्पन्न रासायनिक शेतीपेक्षां, पीक व परिस्थिति यांप्रमाणें, शेंकडा ५ पासून शेंकडा ३४ पर्यंत कमी आढळलें. उत्पन्न तर घटतें. आणि माल लगेच 'सेंद्रिय' म्हणून विकतांहि येत नाहीं. युरोपांतील नियमांप्रमाणें हंगामी पिकांस दोन वर्षें व फळबागांस तीन वर्षें थांबावें लागतें. या मधल्या काळांत शेतकऱ्याच्या पदरीं पीक सेंद्रिय शेतीचें पडतें आणि भाव मात्र साध्या मालाचा मिळतो. अनुदान आहे तें ही खोट भरून काढण्यासाठीं. तो दानधर्म नव्हे; आणि ज्या बंधूंस तसें वाटतें त्यांनीं एकदां ही तीन वर्षें काढून पाहावींत.

युरोपीय संघानें सेंद्रिय मालाची कायदेशीर व्याख्या सन १९९१ मध्यें केली, आणि पुढच्याच वर्षीं निसर्गास पोषक अशा शेतीसाठीं सभासद-राष्ट्रांनीं हेक्टरीं पैसे द्यावे असा कायदा केला. तेव्हांपासून सेंद्रिय पद्धतीकडे वळतांना एक रक्कम व ती पद्धति चालू ठेवल्याबद्दल दुसरी, अशी व्यवस्था बहुतेक देशांत रूढ झाली. ऑस्ट्रियांत आज एकूण शेतजमिनीपैकीं सुमारें चौथा हिस्सा सेंद्रिय आहे. सन २०३० पर्यंत सर्व संघांतच हें प्रमाण शेंकडा २५ वर न्यावें असें उद्दिष्ट युरोपीय आयोगानें मे २०२० मध्यें जाहीर केलें. एवढा पैसा वाटावयाचा म्हटल्यावर तो कोणास मिळतो हा प्रश्न यावयाचाच.

आणि तो आला. परंतु सेंद्रिय शेतकऱ्यांमुळें नव्हे. युरोपचें सामाईक कृषि-धोरण सन १९६२ पासून चालत आलें. त्यांतून अब्जावधि रुपयांच्या तोडीचा पैसा दरवर्षीं वांटला जाई, आणि चाळीस वर्षें तो नेमका कोणाच्या हातीं जातो हें सामान्य करदात्यास कळत नसे. सन २००४ मध्यें डेन्मार्कमधील पत्रकारांनीं माहितीच्या हक्काचा कायदा पुढें करून ही यादी उघडी करविली. पुढच्या वर्षीं ब्रिटननेंहि ती प्रसिद्ध केली. तींत काय निघालें? मोठमोठ्या साखर कंपन्या, विस्तीर्ण जमीनदाऱ्या, आणि खुद्द इंग्लंडच्या राणीची सँडरिंगहॅम येथील मालमत्ता. 'लहान शेतकरी जगला पाहिजे' म्हणून मागितलेला पैसा कोठें मुरत होता हें त्या कागदानें एका दिवसांत दाखविलें. यादी उघडी करण्याच्या बाजूनें याहून मोठा पुरावा आम्हांस देतां येणार नाहीं.

यानंतर युरोपीय संघानें सर्वच राष्ट्रांस सक्ति केली. सन २००८ च्या नियमाप्रमाणें दरवर्षीं ३० एप्रिलपर्यंत प्रत्येक लाभार्थ्याचें नांव, गांव व रक्कम इंटरनेटवर घालावयाची व दोन वर्षें तेथें ठेवावयाची असें ठरलें. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या यादींत रक्कम असे ती फंडाप्रमाणें एकत्र. ग्रामीण विकासाच्या फंडांतून अमुक शेतकऱ्यास अमुक युरो, एवढेंच. त्यांत गोठा बांधण्याचे किती, डोंगराळ जमिनीबद्दलचे किती, आणि रसायनें सोडल्याबद्दलचे किती, हें कांहींच कळत नसे. म्हणजे पैसा दिसे, परंतु काम दिसत नसे. आमच्या पत्रलेखकांच्या गांवीं भिंतीवर जो कागद लागला तो याच जातीचा आहे.

जर्मनींतील हेसेन प्रांतांत दोन शेतकऱ्यांनीं, त्यांपैकीं एक भागीदारीचा धंदा व दुसरा स्वतंत्र पूर्णवेळ शेतकरी, या प्रसिद्धीविरुद्ध आपल्या प्रांतिक सरकारावर फिर्याद केली. वीसबाडेन येथील न्यायाधिकरणानें प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठविला, आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजीं तेथील मोठ्या पीठानें निकाल दिला. हा निकाल काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. कारण दोन्ही बाजूंचे लोक त्याचा अर्धाच भाग सांगत असतात. पैसा गुप्त ठेवावा असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. आपल्या पैशाचें काय झालें हें जाणण्याचा करदात्याचा हक्क त्यानें मान्यच केला. परंतु अनुदान हा शेतकऱ्याच्या मिळकतीचा मोठा भाग असतो. तो प्रसिद्ध केला म्हणजे त्याची एकंदर मिळकत जगास अजमावतां येते. तेव्हां किती काळ, किती वेळां, कोणत्या प्रकारची व केवढी मदत मिळाली याचा कांहींएक विवेक न करतां प्रत्येक व्यक्तीचें नांव सरसकट जगापुढें मांडणें हें प्रमाणाबाहेर आहे, व तेवढ्यापुरता नियम रद्द, असा निर्णय झाला. कंपन्या व संस्था यांस मात्र ही सवलत मिळाली नाहीं. त्यांचीं नांवें पूर्वींप्रमाणेंच छापावींत असें ठरलें.

कांहीं वर्षें मग केवळ संस्थांचींच नांवें दिसत होतीं. सन २०१३ मध्यें नवा कायदा झाला, आणि आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील खरी सुधारणा ती आहे. शेतकऱ्यांचीं नांवें परत आलीं; परंतु वर्षास सुमारें १,२५० युरोपर्यंत, किंवा त्या देशानें लहान शेतकऱ्यांसाठीं ठरविलेल्या मर्यादेपर्यंत, ज्यास मदत मिळाली त्याच्या नांवाऐवजीं केवळ खुणेचा आंकडा देण्याचें ठरलें. आणि प्रत्येक रकमेपुढें ती कोणत्या कामाबद्दल दिली, त्या कामाचें स्वरूप काय व हेतु काय, हें लिहिणें सक्तीचें झालें. आतां जर्मन यादींत एखाद्या शेतकऱ्याच्या नांवापुढें 'सेंद्रिय शेती' असें सदर व त्यापुढें रक्कम दिसते. वाचणाऱ्याच्या मनांत 'यास इतका पैसा फुकट मिळाला' असें येण्याऐवजीं 'यानें हें काम पत्करलें व त्याचा हा मोबदला' असें येतें. पैशाचा आंकडा तोच. परंतु शेजारीं एक शब्द आल्यानें त्याचा अर्थ पालटतो. सन २०२१ च्या कायद्यांतहि हीच पद्धति कायम आहे.

अमेरिकेंतील एक भेदहि उपयोगी आहे. तेथें सन २००८ च्या शेतकी कायद्यानें, शेतकऱ्यानें योजनेसाठीं सरकारास पुरविलेली आपल्या शेताची व धंद्याची माहिती बाहेर देण्यास कृषि खात्यास मनाई केली. परंतु कोणास किती रक्कम दिली ही माहिती त्या मनाईतून वगळली. शेताचा नकाशा झांकलेला आणि तिजोरी उघडी, असा तो भेद आहे.

आतां आपल्याकडे वळूं. आमच्याकडे या बाबतींत कायदा नाहीं असें कोणी समजूं नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमांत, प्रत्येक सरकारी कचेरीनें कोणी मागण्याची वाट न पाहतां आपण होऊन जी माहिती प्रसिद्ध करावयाची तिची यादी दिली आहे. तींत अनुदानाच्या योजना कशा राबविल्या जातात, त्यांस किती रक्कम नेमून दिली व लाभार्थी कोण, हें स्पष्ट घातलें आहे. त्याच कलमांत पुढें असेंहि आहे कीं, ही माहिती देतांना स्थानिक भाषा आणि त्या त्या भागांत जो सर्वांत परिणामकारक मार्ग असेल तो यांचा विचार करावा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें केवळ संगणकाचा पडदा नव्हता, चावडीहि होती. आणि तें साहजिकच आहे. कारण या कायद्याचें बीज राजस्थानांतील खेड्यांत पडलें. तेथें २ डिसेंबर १९९४ रोजीं कोट किराना या गांवीं भरलेल्या जनसुनवाईंत सरकारी कामांचे मजुरीपट लोकांसमोर मोठ्यानें वाचण्यांत आले, आणि खोट्या नोंदी ऐकणाऱ्यांनींच ओळखल्या.

मोठ्यानें वाचणें आणि इंटरनेटवर घालणें यांत केवढें अंतर आहे, याचें उदाहरण पंतप्रधान किसान सन्मान योजनेंत मिळतें. सन २०१९ पासून या योजनेखालीं शेतकरी कुटुंबास वर्षाकांठीं ६,००० रुपये मिळतात, आणि लाभार्थ्यांची गांववार यादी सरकारी संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येते. असें असूनहि केंद्रीय कृषि मंत्रालयानें माहितीच्या अधिकाराखालीं दिलेलें जें उत्तर जानेवारी २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें, त्याप्रमाणें सुमारें २० लक्ष ४८ हजार अपात्र लोकांस १,३६४ कोटि रुपये जाऊन पोहोंचले होते, व त्यांत निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. आपल्या आळींत आयकर कोण भरतो हें गांवास ठाऊक नसतें काय? परंतु जी यादी कोणी वाचून दाखवीत नाहीं ती उघडी असून बंदच.

सेंद्रिय शेतीच्या बाबतींत तर गांवाइतका चांगला तपासनीस दुसरा नाहीं. परंपरागत कृषि विकास योजनेंतील प्रमाणपत्राची पद्धतिच मुळीं सहभागी हमीची आहे. म्हणजे निदान पांच शेतकऱ्यांचा गट होतो व गटांतील शेतकरी एकमेकांच्या शेताची पाहणी करितात. पाठीवर पंप घेऊन कोण कोणत्या पहांटे शेतांत गेला, कोणाच्या बांधावर तणनाशकानें जळलेलें पिंवळें गवत आहे, हें बाहेरच्या निरीक्षकास दिसणार नाहीं, शेजाऱ्यास दिसतें. ज्या पद्धतीचा पायाच शेजाऱ्याच्या डोळ्यांवर आहे, तिच्या पैशाची यादी शेजाऱ्यापासून लपवावी हें विसंगत होय. म्हणून आमच्या पत्रलेखकांस आमचें पहिलें उत्तर असें कीं, नांव गांवापुढें आलें हें योग्यच झालें.

परंतु उत्तर येथें संपत नाहीं.

सन २०१५ मध्यें ही योजना निघाली. पुढें ठरलेल्या एका दराप्रमाणें हेक्टरीं तीन वर्षांत ५०,००० रुपये असत व त्यांपैकीं ३१,००० रुपये, म्हणजे शेंकडा ६२, शेतकऱ्याच्या खात्यांत जात. नंतर दर बदलून हेक्टरीं ३१,५०० रुपये झाला. त्यांतून शेतकऱ्याच्या खात्यांत निविष्ठांसाठीं १५,००० रुपये. प्रशिक्षण, जागृति वगैरेंसाठीं ९,००० रुपये. विक्री, बांधणी व छाप यांसाठीं ४,५०० रुपये. आणि प्रमाणपत्र व अवशेष-तपासणी यांसाठीं ३,००० रुपये. आमच्या पत्रलेखकांची जमीन दोन एकर, म्हणजे सुमारें ०.८ हेक्टर. तीन वर्षांत त्यांच्या हातीं १२,००० रुपये पडतील, वर्षास ४,०००. आणि त्याच दोन एकरांच्या नांवावर आणखी १३,२०० रुपये असे खर्च होतील कीं जे त्यांच्या हातास लागणार नाहींत. वीस हेक्टरांचा गट धरला तर शेतकऱ्यांकडे तीन लक्ष आणि इतरत्र तीन लक्ष तीस हजार. भिंतीवर लागला तो कागद पहिल्या तीन लक्षांचा होता. दुसऱ्या रकमेचा कागद कोठें आहे?

हा खर्च व्यर्थ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शिकविल्याशिवाय शेतकऱ्यास जीवामृत व दशपर्णी अर्क जमत नाहीं, आणि मालास छाप नसेल तर बाजारांत कोणी अधिक भाव देत नाहीं. परंतु शिकविणारा कोण, त्यानें किती दिवस शिकविलें, पिशव्यांवरील छपाई कोठें झाली, माती व माल कोणत्या प्रयोगशाळेंत तपासला व त्याचा निकाल काय, हीं नांवें व आंकडे शेतकऱ्याच्या नांवाच्या आधीं भिंतीवर लागावयास हवे. युरोपीय न्यायालयानेंहि व्यक्तीस सवलत दिली, संस्थेस दिली नाहीं, हें आम्ही वर सांगितलेंच आहे.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही एका गांवच्या ग्रामसभेस बसलों होतों. तेथें अशाच गटाची यादी वाचण्याचा आग्रह कांहीं तरुणांनीं धरला, व अधिकाऱ्यांनींहि तो मान्य केला. सहावें कीं सातवें नांव आलें तोंच मागच्या बाजूनें एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "साहेब, तो तुकडा तर गेल्या सालींच विकला. त्यांत आतां वीटभट्टी आहे." सभेंत हंशा झाला, अधिकाऱ्यांनीं नोंद घेतली. थोड्या वेळानें एक बाई उभ्या राहिल्या. यादींतील नांव त्यांच्या यजमानांचें होतें, ते पुण्यास नोकरीस. शेणमूत गोळा करण्यापासून ढवळण्यापर्यंत सर्व काम बाईंचें, आणि रक्कम मात्र यजमानांच्या खात्यांत गेल्याचें त्यांस त्या क्षणीं प्रथम कळलें. त्या रागावल्या नाहींत. "बरं झालं वाचलंत," एवढेंच म्हणून खालीं बसल्या. नंतर एकानें विचारलें कीं प्रशिक्षणाचे दिवस किती दाखविले आहेत. गांवास तर एकच दुपार आठवत होती. त्याचा कागद अधिकाऱ्यांजवळ नव्हता. तो पुढच्या सभेस आणूं असें त्यांनीं सांगितलें. पुढच्या सभेस आम्ही नव्हतों. परंतु एका तासांत त्या सभेनें जें काम केलें तें कोणत्याहि तपासणी पथकास महिन्यांत जमलें नसतें.

आतां पत्रलेखकांच्या शेवटच्या ओळीकडे येऊं. यूरियाची ४५ किलोची पिशवी, कर व निंबलेपाचा आकार वगळून, २४२ रुपयांस मिळते. तिचा खरा खर्च सुमारें २,२०० रुपये पडतो, असें खुद्द केंद्र सरकारनें जून २०२३ मध्यें जाहीर केलें. त्या हिशेबानें वीस पिशव्यांमागें तिजोरीनें सुमारें ३९ हजार रुपये सोसले. दोघांचें क्षेत्र सारखें नाहीं हें खरें. तथापि एकरीं हिशेब केला तरी उसवाल्या शेजाऱ्याच्या वाट्यास एकरीं ४,८०० हून अधिक येतात, आणि आमच्या पत्रलेखकांस वर्षास एकरीं २,०००. सन २०२२-२३ या एका वर्षांत खतांवरील अनुदान अडीच लक्ष कोटि रुपयांच्या घरांत गेलें होतें. तें शेतकऱ्याच्या खात्यांत येत नाहीं, खत-कारखान्यास मिळतें. म्हणून शेजाऱ्याचें नांव कोठें दिसत नाहीं. पण नोंद नाहीं असें मात्र नव्हे. सन २०१८ पासून दुकानावर अंगठा घेणाऱ्या यंत्रानें विक्री नोंदल्यावरच कारखान्यास अनुदान मिळतें. कोणी किती पिशव्या नेल्या हें सरकारास ठाऊक आहे.

यूरिया नेणारा शेजारी चोर आहे असा याचा अर्थ नाहीं. त्याच्या उसाचेंहि गणित या स्वस्त पिशवीवरच बसलेलें आहे, आणि आमच्यापैकीं बहुतेकांनीं तीच पिशवी वर्षानुवर्षें नेली आहे. परंतु ज्यानें रसायनें सोडलीं त्याचे चार हजार भिंतीवर, आणि ज्यानें सोडलीं नाहींत त्याचे एकोणचाळीस हजार अदृश्य, अशी यादी गांवास खरें सांगत नाहीं. ती वाचणारा असेंच समजणार कीं सेंद्रियवाला सरकारच्या पैशावर जगतो आणि बाकीचे स्वतःच्या बळावर. निदान गांवांतील खतविक्रीची एकूण बेरीज व तिच्यामागील अनुदान एवढा एक आंकडा त्याच भिंतीवर असावा. व्यक्तींचीं नांवें नसलीं तरी चालेल.

खाजगीपणाचा प्रश्न राहिला. यावर आमच्यांतील पुष्कळांचें म्हणणें असें कीं, आपल्या शेतकऱ्याचें खाजगी राहिलेंच काय? सातबाऱ्यावर त्याची जमीन, क्षेत्र, पीक आणि इतर हक्कांच्या रकान्यांत बँकेचा व सोसायटीचा बोजासुद्धां लिहिलेला असतो, आणि तो उतारा कोणीहि घरबसल्या पाहूं शकतो. ही गोष्ट खरी आहे. परंतु आमच्या मतें तिच्यावरून उलट धडा घ्यावा. कर्जाचा आंकडा एकीकडे, अनुदानाचा आंकडा दुसरीकडे, आणि दोन्ही जगास खुले, असें झालें म्हणजे सावकारास व फसव्या माल-विक्यास शेतकऱ्याची नाडी आयतीच हातीं लागते. शिवाय कचेऱ्यांचा निष्काळजीपणा आहेच. सन २०१७ मध्यें केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारें २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या याद्यांबरोबर त्यांचे आधार क्रमांकहि उघडे पडल्याचें निष्पन्न झालें होतें.

दुसऱ्या बाजूनें, सन २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें माहितीच्या अधिकारांतील आठव्या कलमाचा एक भाग बदलून, 'वैयक्तिक माहिती' एवढ्या शब्दांवर ती नाकारण्याची मोकळीक दिली आहे. यापुढें कोणी अधिकारी हें कलम दाखवून लाभार्थ्यांची यादीच देण्याचें नाकारील, अशी आम्हांस भीति वाटते. वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं चौथें कलम जसेंच्या तसें आहे, आणि सार्वजनिक हित मोठें असेल तर माहिती द्यावी हें आठव्या कलमाचें दुसरें पोटकलमहि तसेंच आहे. यादी नाकारणाऱ्यास हीं दोन कलमें दाखवावींत.

तेव्हां आमची मागणी अशी आहे. नांव, क्षेत्र, रक्कम आणि ती कोणत्या कामाबद्दल, हें सर्व वर्षांतून एकदां ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावें व चावडींत टांगावें. इंटरनेटवर मात्र गटाची बेरीजच असावी, लहान शेतकऱ्याचें नांव नसावें. गांवास जें कळणें जरूर आहे तें मुंबईच्या एखाद्या कर्ज-कंपनीस कळण्याचें कारण नाहीं. संस्था, प्रशिक्षक, प्रयोगशाळा व पुरवठादार यांचीं नांवें व रकमा दोन्ही ठिकाणीं असाव्यात. आधार क्रमांक व बँकेचा खाते-क्रमांक कोठेंहि नसावा. पहिल्या वर्षीं गांवांत थोडें उसनवारीचें तोंड उघडेल, हें आम्ही नाकारीत नाहीं; दुसऱ्या वर्षीं सर्वांस सर्वांचें ठाऊक झाल्यावर त्यांतील नवल जातें. गटबाजीचें भय कांहीं मित्रांनीं आम्हांस बोलून दाखविलें. परंतु गटबाजी अफवेवर जितकी पोसते तितकी आंकड्यावर पोसत नाहीं, असा आमचा पन्नास ग्रामसभांचा अनुभव आहे.

पत्रलेखक बंधूंस आम्हीं उलट टपालीं लिहिलें कीं, भिंतीवरील कागद फाडण्याऐवजीं त्याशेजारीं दुसरा कागद लावून घ्यावा. त्यासाठीं तालुक्याच्या कृषि कचेरींतील जन माहिती अधिकाऱ्याकडे साधा अर्ज करावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, आणि अर्जांत एकच विषय ठेवून तो दीडशे शब्दांच्या आंत लिहावा: आमच्या गटाच्या नांवें प्रशिक्षण, विक्री व प्रमाणपत्र या तीन सदरांत कोणत्या तारखेस, कोणास, किती रक्कम दिली, त्या पावत्यांच्या प्रती मिळाव्या. कायद्याप्रमाणें तीस दिवसांत उत्तर यावयास हवें. न आल्यास पहिलें अपील त्याच कचेरींतील वरिष्ठाकडे करतां येतें.

त्यांनीं असा अर्ज केल्याचें आम्हांस कळविलें आहे. अर्जावर गटांतील आणखी अकरा शेतकऱ्यांच्या सह्या आहेत, आणि त्यांत उसवाल्या शेजाऱ्याच्या मुलाचीहि सही आहे. त्यानें यंदा अर्धा एकर गटांत घातली आहे. कचेरीचें उत्तर आलें म्हणजे पत्रलेखकांच्या अनुमतीनें तें आम्ही या मासिकांत छापूं.